पाणी मारुतीच्या कुठवर आलंय? साथीच्या काळात मन सांभाळण्याविषयी

गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशकात एकमेकांना विचारलं जातं, "पाणी मारुतीच्या कुठवर आलंय?" गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती हे आमचं पूर मोजायचं माप. पायाला पाणी लागलं तर लोक नुसते बघायला जातात. कमरेला लागलं की काठावरचे टपरीवाले आणि दुकानदार सामान हलवायला लागतात. गळ्याशी आलं की सराफ बाजाराकडे धावपळ. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर मारुती दिसेनासाच झाला होता. हे माप शाळेत न गेलेल्या माणसालाही वाचता येतं, आणि पाणी डोक्यावरून जाईपर्यंत वाट बघत कुणी बसत नाही.

मनाच्या बाबतीत मात्र आपण वाट बघतो. २०२० आणि २०२१ मध्ये मी घरी बसून फोनवर समुपदेशन करत होते. बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "तसं काही नाही ताई, सहजच केला फोन." मग अर्ध्या-पाऊण तासाने हळूहळू कळायचं की हा माणूस तीन आठवडे नीट झोपलेला नाही. त्या फोनांवरून जे समजलं आणि त्यामागचं जे शास्त्र आहे, ते इथे साध्या शब्दांत मांडते आहे. ज्यांच्या गोष्टी सांगणार आहे त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

करोना संपला, आता कशाला, असं कुणाला वाटेल. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, १९१८ मध्ये इन्फ्लुएंझा आला, २०२० मध्ये करोना आला. पुढची साथही येईल. तिची लस तेव्हा शोधावी लागेल, पण मनाचं काय करायचं हे आत्ताच शिकून ठेवता येतं.

जीव टांगणीला लागतो तेव्हा

धोका जाणवला की मेंदूत खोलवर असलेला बदामाएवढा एक भाग गजर वाजवतो. त्याला अमिग्डाला म्हणतात. आपण नीट विचार करायच्या आधीच हा गजर वाजलेला असतो. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन सोडतात, पाठोपाठ कॉर्टिसॉल. छाती धडधडते, श्वास उथळ आणि भरभर होतो, हातापायांकडे जास्त रक्त जातं, पचन मंदावतं. रात्री गल्लीत कुत्रं अंगावर आलं तर हे सगळं हवंच असतं. आपण पळतो किंवा दगड उचलतो, दहा मिनिटांनी घरी येऊन पाणी पितो आणि शरीर पूर्ववत होतं.

विषाणूपासून पळता येत नाही आणि त्याला दगडही मारता येत नाही. गजर वाजतो आणि वाजतच राहतो. मग पहाटे तीनला जाग येते, पोट बिघडतं, मान आखडते, गॅस बंद केला का ते चारदा बघावं लागतं, आणि लेकराने पाण्याचा पेला सांडला तरी हात उगारला जातो. "ताई, माझं डोकं फिरलंय का?" हा प्रश्न मला शेकडो वेळा विचारला गेला. डोकं फिरलेलं नसतं. थोड्या वेळापुरती बनलेली यंत्रणा महिनोन्महिने चालवली की ती अशीच वागते. हे नुसतं समजलं तरी माणसाचा आवाज बदलायचा, कारण आधीच्या भीतीवर 'मला वेड लागतंय' ही दुसरी भीती चढलेली असायची.

दुसरी गोष्ट अनिश्चिततेची. लंडनमध्ये एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. लोकांना संगणकावर एक खेळ दिला होता. दगड उलटायचा, खाली साप निघाला तर हाताला विजेचा सौम्य पण दुखणारा झटका. झटका नक्की बसणार हे ज्यांना माहीत होतं त्यांच्यापेक्षा, बसेल की नाही याची शक्यता अर्धी-अर्धी होती तेव्हा लोक जास्त ताणात होते. आपल्या भाषेने हे केव्हाच सांगून ठेवलंय. वाईट बातमी कळली की काळजात धस्स होतं, पण बातमी कळेपर्यंत जीव टांगणीला लागतो, आणि हे टांगलेलं राहणंच जास्त थकवतं. रिपोर्ट यायला चार दिवस लागायचे तेव्हा त्या चार दिवसांतले फोन मला सर्वांत जड जायचे. पॉझिटिव्ह आल्यावर तोच माणूस पुष्कळदा शांतपणे विचारायचा, "बरं, आता पुढे काय करायचं?"

म्हणूनच 'पॉझिटिव्ह विचार करा' हा सल्ला मला मनापासून चुकीचा वाटतो. ज्याचा भाऊ व्हेंटिलेटरवर आहे त्याला असं सांगणं म्हणजे तोंड बंद कर म्हणण्यासारखंच आहे. भीतीला नाव देऊन ती कुणाला तरी सांगता आली, तर गजर खरोखर थोडा खाली येतो. भावनेला शब्द दिला की अमिग्डालाची हालचाल मंदावते, हे मेंदूच्या चित्रणातही दिसलं आहे. "कसंतरी होतंय" यापेक्षा "आईला माझ्यामुळे लागण होईल याची धास्ती वाटते" हे वाक्य जास्त उपयोगी. धास्ती नेमकी झाली की तिच्यावर काहीतरी करता येतं. आईचं ताट वेगळं ठेवता येतं, खिडकी उघडता येते.

कॅलेंडरवरचे आकडे

सिडकोतले एक काका, वय अडुसष्ट, गृहविलगीकरणात होते. सुनेने फोन केला होता, "बाबा झोपत नाहीत, बोटावरचं ऑक्सिजन मोजायचं यंत्र काढतच नाहीत." मी काकांशी बोलले. भिंतीवरच्या कॅलेंडरचं एप्रिलचं पान त्यांनी भरून टाकलं होतं. तारखेच्या एकेका चौकोनात बारीक अक्षरात ९७, ९६, ९७, ९५, ९६. जागा संपली तेव्हा समासात लिहायला लागले. दिवसातून चाळीसएक वेळा बोट यंत्रात. ९५ आलं की छातीत धडधड, धडधड झाली की श्वास लागल्यासारखं, श्वास लागला की पुन्हा यंत्र.

हे चक्र सगळ्या चिंतेत असतं, फक्त यंत्र बदलतं. कुणी हात धुतं, कुणी तापमान बघतं, कुणी मुलाला तासातासाला फोन लावतं. खात्री केली की क्षणभर बरं वाटतं, आणि त्या क्षणभराच्या बरं वाटण्यानेच मेंदू शिकतो की पुन्हा भीती वाटली तर पुन्हा खात्री करायची. खात्री जितकी जास्त करावी तितकी शंका वाढते.

काकांना मी यंत्र फेकून द्या म्हटलं नाही. ऑक्सिजन बघणं त्या वेळी गरजेचं होतं. यंत्रात एक-दोन अंकांचा फरक तसाही पडतो, बोट थंड असलं किंवा नखाला रंग असला तरी आकडा चुकतो, हे आधी समजावलं. मग डॉक्टरांना विचारून वेळा ठरवल्या. सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ, प्रत्येक वेळी पाच मिनिटं शांत बसल्यावर. दिवसातून एकदा घरातल्या घरात सहा मिनिटं चालून पुन्हा बघायचं. ९४ च्या खाली गेलं, किंवा चालल्यावर आकडा तीनहून जास्त घसरला, तर लगेच डॉक्टरांना फोन. मधल्या वेळात खरोखर धाप लागली, छातीत दुखलं किंवा ओठ निळे पडले तर ठरलेल्या वेळेची वाट बघायची नाही. एरवी यंत्र सुनेकडे. पहिले दोन दिवस काकांनी तिच्याशी भांडण काढलं. पाचव्या दिवशी कॅलेंडरच्या चौकोनात तीनच आकडे होते, आणि खाली लिहिलं होतं, "दु. झोप लागली."

धडधड नुसत्या भीतीची असेल तर ती बहुधा दहा मिनिटांत टोकाला जाते आणि अर्ध्या तासात ओसरायला लागते. तेवढ्यात करायचं ते सोपं आहे. श्वास घेताना चारपर्यंत मोजा, सोडताना सहा किंवा आठपर्यंत. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी मंदावते, म्हणून सोडायचा वेळ लांबवायचा. आपल्या जिल्ह्यात इगतपुरीला धम्मगिरी हे विपश्यना केंद्र आहे, तिथे शिबिराचे पहिले तीन दिवस नुसता येणारा-जाणारा श्वास बघण्यात जातात. साधनेला बसावं असं मी प्रत्येकाला सांगणार नाही. फार घाबरलेल्या माणसाला डोळे मिटून बसलं की उलट जास्त घाबरायला होतं. अशाने डोळे उघडे ठेवावेत, पाय जमिनीला घट्ट टेकवावेत आणि समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घ्यावीत.

बातम्या, आणि दिवसाची घडी

मार्च २०२१ च्या शेवटी नाशकातल्या मेन रोडला, बाजारपेठेत जायचं तर पाच रुपयांची पावती फाडावी लागायची आणि तासाभरात बाहेर पडावं लागायचं, नाहीतर पाचशे रुपये दंड. लोक चिडले होते, पण बातम्यांसाठी अशी पावती प्रत्येकाने स्वतःपुरती ठेवावी असं मला तेव्हाही वाटायचं. सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस मिनिटं, झोपायच्या आधीच्या दोन तासांत नाही. मेंदू वाईट बातमीला चांगल्या बातमीपेक्षा जास्त किंमत देतो, कारण जंगलात वाईट बातमी चुकवणारा प्राणी जगत नसे. मोबाइल या सवयीचा फायदा घेतो. जागतिक आरोग्य संघटनेने करोनाच्या सुरुवातीलाच खऱ्या-खोट्या माहितीच्या या लोंढ्याला 'इन्फोडेमिक' असं साथीसारखंच नाव दिलं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला संदेश पुढे पाठवण्याआधी एवढंच विचारा की हा वाचून समोरच्याला काही करता येईल का, की तो नुसता घाबरेल.

झोपेबद्दल थोडं. झोप किती वाजता लागेल हे आपल्या हातात नाही, उठायचं किती वाजता हे आहे. रोज एकाच वेळी उठा आणि पहिल्या तासात गच्चीवर किंवा खिडकीत उन्हात उभे राहा. शरीरातलं घड्याळ सकाळच्या उजेडाने लावलं जातं. दुपारची झोप अर्ध्या तासावर नेऊ नका. एवढं केलं तर आठ-दहा दिवसांत फरक पडतो.

दिवसाला आकार देणं मात्र मला झोपेइतकंच महत्त्वाचं वाटतं. लॉकडाऊनमध्ये सातपूर-अंबडच्या कारखान्यांचे भोंगे थांबले, शाळेच्या रिक्षा थांबल्या, वार कळेनासा झाला. "आज गुरुवार आहे का हो?" असं विचारून लोक हसायचे, पण त्यातला गोंधळ खरा होता. बाहेरून मिळणाऱ्या निश्चित गोष्टी संपल्या की घरात तयार कराव्या लागतात. सकाळी अंघोळ करून कपडे बदलणं, ठरल्या वेळी जेवण, संध्याकाळी तुळशीपाशी दिवा, शनिवारी मुलांनी करायची भेळ. मूड आला की करू, असं म्हणत राहिलं तर मूड येत नाही. उदास मनात क्रम उलटा चालतो. आधी हात हलतात, मग मन त्यांच्या मागून येतं. मानसोपचारात ही पद्धत रीतसर वापरतात, आणि पहिलं पाऊल मुद्दाम इतकं लहान ठेवतात की टाळायला कारणच उरू नये. माझ्या एका फोनवालीचं पहिलं पाऊल होतं, कुंडीतल्या कढीपत्त्याला एक तांब्या पाणी.

अंतर कशाचं ठेवायचं

'सोशल डिस्टन्सिंग'चं आपण 'सामाजिक अंतर' केलं, आणि मला वाटतं त्या दोन शब्दांनी पुष्कळ नुकसान केलं. अंतर शरीरांमध्ये हवं होतं. जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च २०२० मध्येच 'शारीरिक अंतर' म्हणायला सुरुवात केली. पण आपल्या समाजाला माणसं लांब ठेवायची जुनी आणि वाईट सवय आहे, ती तेव्हा नव्या कपड्यांत परत आली. पॉझिटिव्ह निघालेल्या घराकडे बघून लोक खिडक्या लावून घ्यायचे. बऱ्या होऊन आलेल्या बाईंच्या हातचे पैसे भाजीवाला घेईना. आशाताईंना, नर्सबाईंना घरमालकांनी खोली सोडायला सांगितली. फोन लावला की रोज ऐकू यायचं की रोगाशी लढायचंय, रोग्याशी नाही. ऐकून कान किटले, पण वागणं बदलायला वेळ लागला.

एकटेपणा ही हळवेपणाची बाब नाही. जवळच्या माणसाचा आवाज ऐकला, स्पर्श झाला की गजर शांत होतो, लहान बाळ कडेवर घेतल्यावर रडं थांबवतं ते याच कारणाने. स्पर्श नसेल तर आवाज तरी हवा, आणि ठरलेल्या वेळी हवा. "काही लागलं तर सांग" असं म्हणून सोडून देऊ नका. त्याऐवजी "मी रोज रात्री नऊला फोन करेन, बोलायचं नसेल तर नुसता उचल" असं सांगा. पंचवटीतल्या एका वाड्यात शेजारणी पॉझिटिव्ह घराच्या पायरीवर डबा ठेवायच्या, चार पायऱ्या मागे सरकायच्या आणि आतल्या बाईने डबा उचलेपर्यंत तिथेच उभं राहून बोलायच्या. ती दोन मिनिटं डब्याइतकीच पोषक होती.

घरातच त्रास देणारं माणूस असेल तर 'घरी राहा, सुरक्षित राहा' हे वाक्य अशा बाईला उपयोगाचं नाही. तिने १८१ किंवा ११२ वर फोन करावा, आणि शेजाऱ्यांनी भिंतीपलीकडून आवाज आला तर घरगुती मामला म्हणून गप्प बसू नये. आणखी एक, जे फारसं कुणी सांगत नाही. रोज भरपूर दारू पिणाऱ्याची दारू दुकानं बंद झाल्याने एका दिवसात तुटली, तर हात थरथरणं, भास होणं, फिट येणं असं होऊ शकतं. हे जिवावर बेतू शकतं. त्याला नाटकं म्हणू नका, दवाखान्यात न्या.

मुलांशी खरं बोला, त्यांच्या वयाला झेपेल तेवढं. मोठी माणसं कुजबुजायला लागली की मुलं जे कल्पितात ते खऱ्याहून भयानक असतं.

पोटाची काळजी

एप्रिल २०२० मध्ये दिंडोरीकडच्या एका द्राक्ष बागायतदाराचा फोन आला. माल वेलीवर, व्यापारी फिरकेना, निर्यात अडकलेली. त्याला श्वास मोजायला सांगायची मला लाज वाटली असती. त्याची काळजी हा आजार नव्हता, ते खरं संकट होतं. अशा वेळी मनाचा उपाय हिशेबाच्या वहीतून जातो. आम्ही फोनवरच कागद केला. कुणाचे किती देणे, कुठली तारीख आधी, कोण थांबेल, कोण थांबणार नाही. बँकेच्या हप्त्यांना रिझर्व्ह बँकेने मार्चपासून सवलत दिली होती, हे त्याला ठाऊकच नव्हतं. उरलेल्या मालाचा पुष्कळांप्रमाणे त्यानेही बेदाणा करायला घेतला. तोटा झालाच. पण अंधारात दिसणारा तोटा आणि कागदावर लिहिलेला तोटा यात फरक असतो, दुसऱ्याला कडा असते.

गळ्याशी आलं हे कसं ओळखायचं

आता मारुतीकडे परत. काळजी वाटणं, अधूनमधून झोप उडणं, डोळ्यांत पाणी येणं, हे पायाशी आलेलं पाणी. साथीत ते सगळ्यांच्याच पायाशी असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार करोनाच्या पहिल्या वर्षात जगभरात चिंता आणि नैराश्याच्या आजारांत सुमारे २५ टक्के वाढ झाली. म्हणजे तुम्हाला त्रास होत असेल तर त्यात तुमचा कमकुवतपणा नाही.

दोन आठवडे झाले तरी दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास, आवडती गोष्टही नकोशी, भूक-झोप बिघडलेली, कामात लक्ष नाही, 'मीच निकम्मा' असं सारखं वाटणं, असं असेल तर पाणी कमरेला लागलंय. सामान हलवायची वेळ हीच. डॉक्टरांकडे जा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, १४४१६ हा नंबर, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. गोळ्या लागल्या तर त्यांचा परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायच्या नसतात. आजारातून उठल्यावर महिनोन्महिने राहणारा थकवा आणि विसरभोळेपणा हा पुष्कळदा शरीराचाच भाग असतो, तेही डॉक्टरांना सांगा.

कुणी म्हणालं, "आता जीव नकोसा झालाय," किंवा कुणी अचानक देणी-घेणी आवरायला, वस्तू वाटून टाकायला लागलं, तर सरळ विचारा, "मरावंसं वाटतंय का?" विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येतो, हा गैरसमज आहे. उलट कुणीतरी विचारलं याने माणूस मोकळं होतं. मग त्याला एकटं सोडू नका, १४४१६ लावा, दवाखान्यात सोबत जा. आपल्या भागात बागांमुळे घरोघरी फवारणीची औषधं असतात. ती कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. तो टोकाचा क्षण पुष्कळदा थोड्या वेळात ओसरतो, तेवढा वेळ हाताशी काही नसणं यानेच जीव वाचतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही अशा प्रयत्नामागे तीव्र ताण असल्याचं गृहीत धरलं आहे, त्या माणसाला उपचार आणि आधार देणं ही सरकारची जबाबदारी केली आहे. पोलिसांच्या भीतीने लपवू नका.

न झालेला दहावा

सगळ्यात जास्त ज्याने माणसं आतून मोडली, त्याबद्दल सांगायचं राहिलंय.

आमच्याकडे माणूस गेलं की लोक दारावर येतात. पहिला कडू घास शेजारचं कुणीतरी आणतं. तिसऱ्या दिवशी राख सावडायची, दहाव्याला रामकुंडावर पिंड ठेवायचा आणि कावळा शिवेपर्यंत सगळ्यांनी श्वास धरून बसायचं. 'कशात जीव अडकलाय?' असं कुजबुजत एकेक जण पुढे होतो आणि मोठ्याने शब्द देतो, "पोरीचं लग्न मी लावीन, काळजी करू नका." श्रद्धा असो की नसो, मानसशास्त्राच्या नजरेने मी ते बघते तेव्हा चकित होते. उपाशी राहायला नको म्हणून घास. एकटं पडायला नको म्हणून माणसं. गेलेल्याच्या काळजीला मोठ्याने शब्द आणि मागे राहिलेल्यांना सर्वांसमक्ष आधार. दहा दिवस काम न करायची मुभा, आणि तेराव्याला गोड खाऊन परत जगायला लागायची परवानगी. मय्यतीला खांदा देणं, चाळिसावं, हेही हेच करतं. एवढं कसबी समुपदेशन मला एकटीला जमणार नाही.

साथीने नेमकं हेच काढून घेतलं. अंत्यविधीला वीसच माणसं. मृतदेह पिशवीत. एप्रिल २०२१ मध्ये अमरधामबाहेर रांग. त्याच महिन्यात, २१ तारखेला, शहरातल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळली आणि वीसहून जास्त रुग्ण गेले, त्यांच्यातल्या कितीतरी जणांचे नातेवाईक दाराशीच होते. काही लोक भीतीने अस्थी न्यायलाच आले नाहीत. राखेतून काही धोका नाही, असं केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने मार्च २०२० मध्येच लिहून दिलं होतं. ते लोकांपर्यंत नीट पोचलं असतं तर बरं झालं असतं.

दुःखाला ठरलेली मुदत नसते. ते लाटांनी येतं, आणि लाटांमधलं अंतर हळूहळू वाढतं. पण काहींचं ते गोठून बसतं. सहा महिने-वर्षानंतरही रोज तितकीच तीव्र ओढ, 'तो गेलाय' हे पटतच नाही, जगण्यात भागच घेता येत नाही. वैद्यकशास्त्राने २०२२ पासून याला लांबलेल्या शोकाचा वेगळा आजार म्हणून मानलं आहे, आणि त्यावर खास उपचार आहेत. निरोप न घेता येणं, शेवटचं तोंड न दिसणं, हे या गोठण्याला हातभार लावतं. अपराधीपणही असतं. 'मीच दवाखान्यात नेलं', 'मीच बाहेरून आजार आणला'. त्या वेळी जेवढं माहीत होतं तेवढ्यावर तुम्ही ठरवलंत, हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल त्याची गणती नाही.

राहिलेलं नंतरही करता येतं, हेच मला सांगायचंय. सातपूरला एका कारखान्यात काम करणाऱ्या गृहस्थांची बायको मला दर पंधरा दिवसांनी फोन करायची. दुसऱ्या लाटेत ते सहा दिवसांत गेले. ही स्वतः तेव्हा विलगीकरणात. दिराने एकट्याने सगळं उरकलं, दहावा व्हिडिओवर झाला, तोही मधेच नेट गेलं. ती म्हणायची, "ताई, मला अजून वाटतं ड्यूटीवरून येतील." वर्ष झालं तेव्हा तिने विचारलं, आता काही केलं तर चालेल का? मी म्हटलं, शास्त्राचं गुरुजींना विचारा, माझ्याकडून चालेल. गुरुजींनीही वर्षश्राद्ध रामकुंडावर करा म्हणून सांगितलं. तिने वर्षभर न आलेल्या सगळ्यांना बोलावलं. सासरचे, माहेरचे, कारखान्यातले, गल्लीतले. विधी झाल्यावर सगळे घरी आले, आणि वर्षापूर्वी दारावर येऊन जे बोलायचं होतं ते एकेक जण बोलला.

संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज बसलेला, खूप रडलेली. म्हणाली, कारखान्याचा वॉचमन आला होता. त्याने सांगितलं की साहेब रोज डब्यातली एक पोळी बाजूला ठेवायचे, गेटवरच्या लंगड्या कुत्रीसाठी. त्यांची रात्रपाळी असली की ती कुत्री त्यांची सायकल ओळखून उठून यायची.

"बावीस वर्षं मी डबा भरला ताई," ती म्हणाली. "चार पोळ्या द्यायचे. मला वाटायचं चारही खातात."